वर्गाचा दर्शनी भाग

लिहिणं हे आमच्या घरात कधी कुणाचं काम नव्हतं. वडील खडवलीला रेल्वेच्या गँगमध्ये होते. रुळांखाली खडी ठोकायची आणि पगाराच्या दिवशी अंगठा उमटवायचा, एवढाच त्यांचा कागदाशी संबंध. त्यामुळे स्वतःविषयी काही लिहायला बसलो की अजून मला दुसऱ्याच्या ओटीवर न विचारता चढल्यासारखं वाटतं. या आगाऊपणाबद्दल वाचकांनी क्षमा करावी. दुसरी क्षमा आधीच मागून ठेवतो. या लिखाणात एका वयस्क शिक्षकाविषयी आदर सापडणार नाही. आदर आणायचा प्रयत्न मी मनापासून केला. थोडं लिहिलंही. मग वाचून पाहिलं आणि मलाच हसू आलं, तेव्हा तो कागद फाडून टाकला.

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. मी कल्याणला मामाच्या खोलीत राहत होतो आणि मुंबईच्या एका कॉलेजात इंटरला होतो. सकाळी कॉलेज आणि दुपारी ठाण्याला, खाडीच्या बाजूच्या एका प्राथमिक शाळेत बदली शिक्षक. तिथले एक शिक्षक आजारपणामुळे लांब रजेवर गेले होते, त्यांच्या जागी मला घेतलं होतं. ट्रेनिंग न झालेल्या शिक्षकाला तिथे ‘अनट्रेंड’ म्हणत. माझ्या नावाऐवजी पुष्कळदा हाच शब्द वापरला जाई. “अनट्रेंडना सांगा, घंटा झाली.”

शाळेत निम्मी मुलं गावातल्या कारकुनांची, वकिलांची, आणि निम्मी कोळीवाड्यातली. हेडमास्तरांना सगळे मोठे गुरुजी म्हणत. चौथीचा वर्ग त्यांच्याकडे होता आणि तो वर्ग ठाण्यात प्रसिद्ध होता. कल्याणपासून मुलुंडपर्यंतचे शिक्षक तो बघायला येत. बघायला म्हणतो, कारण ऐकायला तिथे काही नसे. वर्ग भरलेला असताना बाहेरून जाणाऱ्याला शाळा सुटली असं वाटायचं. आत डोकावलं की बस्करांच्या सरळ रांगा, प्रत्येक मुलाच्या हाताची घडी, आणि त्या घडीतून वर काढलेलं एक बोट ओठांवर.

हाताची घडी, तोंडावर बोट सगळ्याच शाळांत असतं हे मला ठाऊक आहे. मीही तसाच शिकलो. पण इतर ठिकाणी ते घटकाभर असतं, गुरुजींना तपकीर ओढायची असते तोवर. मोठ्या गुरुजींनी त्याचं शास्त्र केलं होतं. शिक्षकांच्या सभेत ते यावर बोलत, आणि मधल्या सुट्टीत चहाच्या कपावर मलाही सांगत.

“अवधान म्हणजे पाखरू,” ते म्हणायचे. “आधी पंख बांधा. हाताची घडी. मग चोच बांधा. तोंडावर बोट. मग जातंय कुठे?”

मी नवा होतो, मला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी विचारलं, “गुरुजी, चोच बांधल्यावर दाणा कसा घालायचा?”

बाकीचे शिक्षक कपात बघू लागले. मोठे गुरुजी शांतपणे म्हणाले, “ट्रेनिंगला जाल तेव्हा कळेल.”

त्यांच्या मिशीविषयी थोडं सांगायला हवं, कारण ती त्यांच्या शास्त्राचाच भाग होती. नाकाखाली सुरू होऊन ती थेट खालच्या ओठापर्यंत उतरलेली असे. चहा पिताना एका बोटाने ती वर उचलून धरावी लागे. बोलताना ओठ कधी दिसत नसत, झुडपामागून कुणी बोलावं तसा आवाज यायचा. त्यांचं म्हणणं असं की, मी वर्गात शिरतो तेव्हा पोरांची नजर आधी मिशीवर जाते आणि तिथेच खिळते. हे खरं होतं. मुलं मिशीकडेच बघत. तास संपेपर्यंत मिशीकडे बघत आणि तास संपल्यावर त्यांना मिशीच आठवत असे. भागाकार कुणाला येत नव्हता.

त्यांची आणखी एक रीत होती. प्रश्न फक्त चुळबुळ करणाऱ्याला विचारायचा. प्रश्न म्हणजे शिक्षा. जे मूल शांत बसलंय त्याचं लक्ष आहे, आणि ज्याचं लक्ष आहे त्याला प्रश्न कशाला? मला हा विचार ऐकून त्या वेळी थोडा आदरही वाटला होता, हे प्रामाणिकपणे सांगतो. इतक्या मूर्खपणाला इतकी सुबक मांडणी मी तोवर पाहिली नव्हती, म्हणून ओळखता आला नाही.

वर्गाचं दार मागच्या कोपऱ्यात होतं आणि त्या दाराशी, शेवटच्या रांगेच्या टोकाला, एक मुलगी बसायची. कोळीवाड्यातली. अंगाने किरकोळ, केसांना चापूनचोपून तेल, आणि डोळे असे मोठे उघडलेले की पापणी लवते की नाही अशी शंका यावी. पाहुणा दारातून आत आला की पहिली तीच दिसायची. मोठे गुरुजी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचे, “या मुलीकडे पाहा. अर्धा तास बोललोय मी. मान हलली नाही.” पाहुणे तिच्याकडे पाहत. मग ती पाहुण्यांकडे पाहायची, एकेकाच्या तोंडाकडे, फार लक्षपूर्वक. पाहुणे खूश होऊन जात.

मोठ्या गुरुजींना कचेरीचं काम असे, म्हणून चौथीचे भूगोल आणि गणित हे दुपारचे तास माझ्याकडे आले होते. माझ्या तासाला ती शांतता टिकत नसे. मला तोंडावर बोट ठेवायला सांगायची लाज वाटायची. मी स्वतः अडखळत बोलतो, तेव्हा समोरच्यांनी थोडं बोललेलं मला बरं वाटतं. शिवाय मला एका जागी उभं राहता येत नाही. मी रांगांतून फिरत शिकवायचो, मुलांच्या पुढ्यात वाकून विचारायचो. आवाज व्हायचा. मोठे गुरुजी कचेरीतून ओरडायचे, “अहो अनट्रेंड, शाळा आहे की मासळीबाजार?”

कोळ्यांची पोरं यावर खुदकन हसायची. त्यांच्या आया मासळीबाजारातच बसत असत.

अशाच एका तासाला फिरता फिरता मी त्या दाराशी बसणाऱ्या मुलीसमोर थांबलो आणि उल्हास नदीला मिळणारी एखादी नदी सांग म्हणालो. तिने बोट ओठांवरून काढलं. “भातसा,” ती म्हणाली. आवाज सपाट होता, पाटीवरचं वाचल्यासारखा. वर्ग एकदम गप्प झाला. चौथीच्या वर्षात तिला उत्तर देताना बहुतेकांनी पहिल्यांदा ऐकलं असावं.

पुढच्या तासाला मी मुद्दाम तिच्यासमोर जाऊन विचारलं. पुन्हा बरोबर. त्याच्या पुढेही. मला वाटलं, हे माझ्या शिकवण्याचं फळ. मोठ्या गुरुजींकडे जी नुसती बसते ती माझ्याकडे बोलते. कल्याणला परत जाताना मी मनाशी एक छोटं भाषणसुद्धा तयार केलं होतं, मोठ्या गुरुजींना ऐकवायला. ते ऐकवलं नाही हे नशीब.

मग माझी दाढ सुजली. गाल इतका टम्म झाला की मामीने लवंगेचं तेल लावून, हनुवटीवरून डोक्यापर्यंत मफलर गुंडाळून दिला. तोंडही अर्धं त्यातच गेलं. रजा घेतली असती तर बदली शिक्षकाची गरज काय असं कुणी म्हटलं असतं, म्हणून तसाच शाळेत गेलो. मुलं आधी हसली, मग सवय झाली. मी फिरत फिरत तिच्यासमोर थांबलो आणि नेहमीसारखं विचारलं, ठाणे जिल्ह्याच्या उत्तरेला कुठली नदी?

ती माझ्याकडे बघत राहिली. डोळे तसेच मोठे. मी पुन्हा विचारलं, जरा जोरात. ती बघत राहिली. भिंतीकडे बघावं तशी नाही, तर बंद दाराकडे बघावं तशी, हे आत्ता उघडेल म्हणून. शेजारच्या मुलीने तिला कोपराने ढोसलं. ती गडबडीने उभी राहिली आणि म्हणाली, “हजर, गुरुजी.”

वर्ग हसला. मला काही कळेना. मी मफलर खाली ओढला आणि तोच प्रश्न विचारला.

“वैतरणा,” ती लगेच म्हणाली.

तास संपल्यावर मी शेजारच्या मुलीला बाहेर बोलावलं आणि विचारलं, हिचं काय आहे?

“ती बहिरी आहे ना, गुरुजी,” ती म्हणाली. जणू मी तिला पृथ्वी गोल आहे का विचारलं होतं.

“तुम्हा सगळ्यांना माहीत आहे?”

“हो. मी ढोसते ना तिला. उभं राहायचं असलं की एकदा, बसायचं असलं की दोनदा.”

“मग मोठ्या गुरुजींना का नाही सांगितलं?”

ती गोंधळली. खरंच गोंधळली. “सांगणार कसं, गुरुजी?” असं म्हणून तिने आपलं बोट ओठांवर ठेवून दाखवलं.

म्हणजे सबंध वर्गाला माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त ज्यांना सरकारने अवधान शिकवायला ट्रेनिंग दिलं होतं त्यांना. आणि मला. पण मी निदान अनट्रेंड होतो.

त्याच संध्याकाळी मी कोळीवाड्यात तिच्या घरी गेलो. सुजलेल्या गालानिशी. तिची आई दारात बसून जवळा निवडत होती. मी फार जपून, मोठी बातमी हळूच सांगावी तसं म्हणालो की, तुमच्या मुलीला मला वाटतं थोडं कमी ऐकू येतं.

बाईने मान वर केली. “थोरं? काय पन ऐकाला येत नाय तिला. गोवर आला तवा दोनी कान फुटलं. तुला आज कललं का, मास्तर?”

“तुम्ही शाळेत सांगितलं नाहीत?”

“सांगलं असतं तर घेतली असती शालंत?” ती म्हणाली. “बोलले असते, जा, मुक्याबहिऱ्यांच्या शालंत घाल मुंबईला. मी पाटी घेऊन बाजारात बसू का हिला मुंबईला नेऊ? तिला तोंड बघून कलतं सगलं. तुमी बोला, ती बघंल. तुमचा मोठा मास्तर बोलतं का काय करतं, ती मिशीच हालते नुस्ती.”

मी हसलो. दाढ ठणकली.

मग ती गंभीर झाली. मुलीच्या बापाने सांगून ठेवलं होतं. चौथी पास झाली तर पुढे शिकेल, मोठ्या शाळेत जाईल. नापास झाली तर डोक्यावर पाटी घ्यायची आणि आईबरोबर बाजारात बसायचं. बहिऱ्या पोरीला बाजारात भाव ऐकू येणार नाही, गिऱ्हाईक लुबाडेल, ही आईला भीती होती. म्हणून तिला पोर पास व्हायला हवी होती.

“दुसरं काय नको आमाना,” ती म्हणाली. “नुस्ती फुडं बसव तिला. मास्तरच्या तोंडाफुडं.”

एवढीच मागणी. एक बस्कर शेवटच्या रांगेतून पहिल्या रांगेत न्यायचं. मला वाटलं, हे काय, उद्याच होईल.

माझ्या तासाला मी तिला पुढे बसवलं. माझा तास संपून मोठे गुरुजी आले की ते तिला मागे पाठवायचे. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पुढे. ते पुन्हा मागे. ती निमूटपणे दप्तर उचलून जायची-यायची. असं काही दिवस चाललं. शेवटी त्यांनी मला कचेरीत बोलावलं. तिथे आणखी दोन शिक्षक पेपर तपासत बसले होते.

“काय हो, ही मुलगी तुम्ही सारखी हलवताय का?”

मी सगळं सांगितलं. अडखळत, पण सगळं. गोवर, कान, ओठ बघणं. चौथीची परीक्षा. तिची आई फक्त पुढची जागा मागते आहे.

ते बराच वेळ मिशीवरून हात फिरवत राहिले. मला वाटलं, आता यांना वाईट वाटेल. मग म्हणाले, “अहो, ती तिथे बसते म्हणून वर्गाला शोभा आहे. पाहुणा आला की पहिली नजर तिच्यावर. वर्गाचा दर्शनी भाग आहे तो. तो काढून मी तिथे कुणाला बसवू? त्या चुळबुळ्या वकिलाच्या पोराला?”

“पण तिला ऐकू येत नाही, गुरुजी.”

“ऐकू न येणारं मूल इतकं लक्ष देईल? तुम्ही मानसशास्त्र वाचलंय का?”

“थोडंसं. कॉलेजात.”

“तेच. थोडंसं.”

मी अजून एक गोष्ट सांगून टाकली. ती सांगायला नको होती असं नंतर सगळे म्हणाले, पण मला ती साधी वाटली. मी म्हणालो, “आणि गुरुजी, नुसतं पुढे बसवूनही भागणार नाही. तिला ओठ दिसायला हवेत. तुमचे... म्हणजे मिशीमुळे...”

पेपर तपासणारे दोघे थांबले.

मोठे गुरुजी हसायला लागले. खुर्चीत मागे रेलून, पोट हलेपर्यंत हसले. “ऐकलंत का? मी मिशी काढावी म्हणतात हे! अहो, माझे वडील जिवंत आहेत!” मग खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणाले, “ते पाहा, त्या ओटीवर बसलेत. जाऊन विचारा त्यांना, तुमच्या मुलाच्या मिशीला अजून किती अवकाश आहे म्हणून!”

दोघे शिक्षक मोठ्याने हसले. बाप गेला की मुलाने मिशी काढायची, आणि बाप असताना काढणारा करंटा, हे तर मलाही ठाऊक होतं. खिडकीतून समोरच्या घराची ओटी दिसत होती. तिथे त्यांचे वडील गुडघे पोटाशी घेऊन बसले होते आणि खोकत होते. ते कायम तिथेच असायचे आणि कायम खोकायचे. शाळेची घंटा चुकली तरी तो खोकला चुकत नसे.

मी परत वर्गात आलो. त्या दिवसापासून शिक्षकांत माझं नाव अनट्रेंडऐवजी न्हावी पडलं.

थोड्या दिवसांनी आमच्या शाळेत शिक्षकांची सभा होती, आणि तीत मोठ्या गुरुजींचा आदर्श पाठ. तपासनीस साहेब येणार होते. ठाणे, माजिवडा, कळवा, कल्याण इथले शिक्षक भिंतीला टेकून उभे. विषय होता भरती-ओहोटी. मोठ्या गुरुजींनी दिवा आणला होता, एक मोठा चेंडू, एक लिंबू. दिवा म्हणजे सूर्य, लिंबू म्हणजे चंद्र. समोर निम्मी पोरं अशी बसलेली, की जी पाण्याची वेळ बघून उठतात आणि पाण्याची वेळ बघून झोपतात. त्यांना ते लिंबू दाखवून मोठे गुरुजी सांगत होते की समुद्राचं पाणी कधी वर येतं व कधी खाली जातं. पोरं हाताची घडी घालून, ओठांवर बोट ठेवून, लिंबाकडे बघत होती. एकाच्याही तोंडातून शब्द नाही. पाहुणे शिक्षक एकमेकांकडे बघून माना डोलवत होते. कळव्याचे एक जण हळूच म्हणाले, “काय पकड आहे!”

पकड होती खरी. चोरावर असते तशी.

तपासनीस साहेब दारातून आत आले, तिच्या मागे उभे राहिले आणि भिंतीवरचा तक्ता बघत, सहज, खाली न बघता म्हणाले, “काय गं बाळ, अमावास्येला भरती मोठी असते की लहान?”

ती समोर लिंबाकडे बघत राहिली.

सगळ्या कोळ्यांच्या पोरांचे डोळे चमकले. उत्तर त्यांच्या ओठांशी आलं होतं, पण ओठांवर बोट होतं. साहेबांनी पुन्हा विचारलं. शेजारची मुलगी तिला ढोसायला गेली, पण मोठे गुरुजी बघत होते, म्हणून तिचा हात अर्ध्यातच राहिला.

मला वाटलं, आता उघडं पडेल. आता यांना काही तरी वाटावंच लागेल.

मोठे गुरुजी पुढे आले. आवाज खाली आणून, देवळात बोलावं तसे म्हणाले, “साहेब, क्षमा करा. हिचं अवधान पाठात इतकं लागलेलं असतं की बाहेरचा प्रश्न आत शिरतच नाही.”

“वा!” साहेब म्हणाले. “वा! एकाग्रता!”

आणि भिंतीशी उभे असलेले ते सगळे पदवीधर, ट्रेंड, सीनियर, ज्युनियर, सगळ्यांनी त्या मुलीकडे बघून मान डोलावली. माजिवड्याच्या एका शिक्षकाने खिशातून पेन्सिल काढून काही तरी टिपून घेतलं. मी आजवर पुष्कळ मूर्ख माणसं पाहिली आहेत, वडिलांच्या गँगमध्येही होती. पण रुळावर गाडी येतेय हे सांगितल्यावर कुणी गँगमन “वा, काय शिट्टी!” असं म्हणाला नव्हता.

मी वर्गाच्या पुढच्या बाजूला उभा होतो. मी बोललो. “साहेब, तिला ऐकू येत नाही. समोर येऊन विचारा. सांगेल ती.”

मी साहेबांकडे बघत होतो, म्हणून आधी लक्षात आलं नाही. मग दिसलं, ती मुलगी लिंबाकडे बघत नव्हती. माझ्या तोंडाकडे बघत होती. वाक्य तिने पूर्ण वाचलं होतं. तिने बोट ओठांवरून खाली घेतलं आणि हात मांडीवर ठेवला.

“हे कोण?” साहेबांनी विचारलं.

“बदली शिक्षक,” मोठे गुरुजी म्हणाले. “अनट्रेंड. इंटरला आहेत अजून.” मग त्यांचा चेहरा लाल झाला. सगळे बघत होते. त्यांनी मान ताठ केली. “साहेब, माझ्या वर्गात ऐकू न येणारं मूल एकही नाही. ही मुलगी चौथीला पास होईल, चांगल्या गुणांनी. तोंडीसुद्धा तुम्ही स्वतः घ्या. या सभेपुढे सांगतो. नाही झाली तर पुन्हा या शाळेत आदर्श पाठ घेणार नाही.”

“नक्की घेऊ, नक्की,” साहेब म्हणाले. कचेरीत पोहे निवत होते. सगळे तिकडे गेले. जाताना मुलीला कुणी काही विचारलं नाही. समोर उभं राहून एक प्रश्न विचारायला पोहे खाण्याइतका वेळ लागला नसता.

रजेवरचे शिक्षक लवकरच बरे झाले. म्हणजे मला तसं सांगण्यात आलं. निघायच्या दिवशी मी तिला खुणेने समोर बोलावून सावकाश म्हणालो, “अभ्यास कर.” ती “हो” म्हणाली. दाराशी जाऊन आपल्या जागी बसली. मोठे गुरुजी आत येत होते. दर्शनी भाग जागेवर आहे हे त्यांनी बघितलं आणि फळ्याकडे वळले.

पुढे मी बी. ए. झालो, आणि डोंबिवलीला एका शाळेत लागलो. आता ट्रेंडही झालो आहे. ट्रेनिंगमध्ये अवधानावर एक सबंध प्रकरण होतं. ते मी पाठ केलं, कारण परीक्षेत आलं असतं. त्यात मिशीचा उल्लेख नव्हता, मुलाच्या कानाचाही नव्हता. माझ्या वर्गात अजून आवाज असतो. शेजारच्या वर्गाचे शिक्षक अजून तक्रार करतात. ठाण्याला त्या शाळेत मात्र मी परत गेलो नाही. काय ऐकायला मिळेल ते ठाऊक होतं, असं मला वाटायचं. मोठ्या गुरुजींनी शब्द दिला होता, आणि शब्द पाळायला त्या मुलीशी बोलावं लागलं असतं. तो माणूस असं काही करेल यावर माझा विश्वास नव्हता. बाजारात बसलेल्या कोळणींकडे मी बघायचं टाळायचो. त्यांच्यात ती दिसेल म्हणून.

परवा डोंबिवलीच्या बाजारात पाठीमागून हाक आली. “ए मास्तर! गालाची सूज गेली का?”

तिची आई होती. केस पिकले होते, पुढ्यात सुकटाची टोपली. मी जवळ गेलो. बाजूला आणखी कुणी बसलंय का हे आधी बघितलं. ती एकटीच होती.

“मुलगी?” मी विचारलं.

“पास झाली ना तवाच. मोठ्या शालंत गेली. आता बालवाडीत पोरं सांभालते, पगार हाय.”

मी तिच्या टोपलीशी उकिडवा बसलो. “चौथी पास? कशी? पुढे बसवली होती?”

“मंग? साहेबाफुडं बोलून बसला होता ना मोठा मास्तर. नाक कापलं असतं त्याचं. तू गेला त्याच्या आठवड्यात घेतली तिला फुडं, रोज शाला सुटल्यावर समोर बसवून शिकवाचा. तरी पोरीला काय कलंना. मंग एक दिवस आला तो मिशी काढून.”

“मोठे गुरुजी?” मी म्हणालो. “मिशी काढून? म्हणजे वडील गेले त्यांचे?”

बाई हसली. सुकटावरच्या माशा तिने पदराने उडवल्या.

“बापूस कशाला मरंल? ओटीवर बसून खोकत होता तवा. आख्खा रस्ता ऐकंल असा शिव्या देत होता पोराला, मी जिता हाय नि तू असा थोबार घेऊन हिंडतोस म्हनून.”